शालीचा अर्थ

बाबा,

अर्थ सांगायला बसलात की तुम्ही आधी घसा खाकरायचात, आणि चुलीपाशी बसलेली माय तोंडाला पदर लावून हसायची. तुमच्या खाकरण्याची तिला पक्की पारख होती. लहान खाकरणं म्हणजे अर्थ ठाऊक आहे. मोठं, लांबलेलं खाकरणं म्हणजे मुळीच ठाऊक नाही, आणि आता हे काहीतरी ठोकून देणार. हे गुपित तिने मला फार उशिरा सांगितलं, तुम्ही गेल्यावर.

वलगावच्या आपल्या ओट्यावर श्रावणात पोथी लागायची, ते दिवस मला अंधुक आठवतात. वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा एक, अशी रीत. थोरले काका कंदिलाशी वाकून ओवी वाचत आणि थांबत. मग तुम्ही पाटावर सरसावून बसायचात आणि तिचा अर्थ सांगायचात. वाचणाऱ्याने अर्थ सांगणाऱ्याला मधे टोकायचं नाही, हा नियम इतका कडक होता की काकांना तुमचा अर्थ पटला नाही तर ते नुसतं जोरात पान उलटायचे. तुम्हाला स्वतःला वाचताना जोडाक्षर आलं की अडखळायला व्हायचं, पण अर्थ सांगताना तुम्ही कधी अडखळला नाहीत. पुढे आपण धम्माची दीक्षा घेतली आणि वस्तीतल्या सगळ्या पोथ्या पेढी नदीत सोडल्या. त्याचं दुःख तुम्हाला नव्हतं. "गळ्यातलं लोढनं गेलं," असं तुम्ही शेवटपर्यंत म्हणत राहिलात, आणि ते मलाही मनापासून पटत आलं आहे. पौर्णिमेला वंदना होऊ लागली, माणसं पांढरे कपडे घालून शांत बसायला शिकली. पण रोजच्या संध्याकाळचं काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. लोक सवयीने ओट्यावर येत, कपाशीचं बोलत, विडी ओढत आणि उठून जात. अर्थ सांगायचा पाट भिंतीला टेकून उभा असे. बोलता बोलता तुमची नजर त्याच्याकडे जायची. तुम्ही ते कबूल केलं नसतं.

मग मी मॅट्रिक झाले आणि अमरावतीच्या कॉलेजात प्री-युनिव्हर्सिटीला नाव घातलं. पदवीच्या आधीचं ते एकच वर्ष, पण आपल्या वस्तीतून तिथवर पोचलेली मुलगी मी पहिलीच. नांदगाव खंडेश्वरचे मामा त्या उन्हाळ्यातच मला त्यांच्या मुलासाठी मागायला आले होते. मुलगा वाईट नव्हता. मला तो नको होता, एवढंच. तुम्ही मामांना सांगितलंत, "हे एक साल जाऊ द्या. पास झाली त पुढं शिकन. नाई झाली त पोरगी तुमची." मामा चहा पिऊन हसत हसत गेले, कारण मी पास होणार नाही याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. खरं सांगायचं तर माझ्याही मनात फारशी नव्हती. विषय कोणते घेऊ असं विचारलं तेव्हा तुम्ही क्षणभरसुद्धा थांबला नाहीत. "भाषाच घे. हातपाय चालवनारे आपल्या वस्तीत लय हायेत. बोलनारं मानूस पाह्यजे." डॉक्टर, वकील हे शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत. बोलणारं माणूस. मग मी भाषा आणि साहित्य घेऊन बसले.

मराठीचं पाठ्यपुस्तक घरी आलं त्या दिवशी तुम्ही हात धुतलेत, त्याला खाकी कागदाचं वेष्टन घातलंत, भिंतीचा पाट काढून झटकलात आणि म्हणालात, "वाच." मला वाटलं, तुम्हाला नुसतं ऐकायचं आहे. मी कवितेचं एक कडवं वाचलं आणि पुढे जाणार तोच तुम्ही हात वर केलात. मोठं, लांबलेलं खाकरणं झालं. ओट्यावरची माणसं आपोआप सरसावून बसली, आणि बाबा, तुम्ही अर्थ सांगायला लागलात. मी सतरा-अठरा वर्षांची, कॉलेजात जाणारी मुलगी, मला हसू येत होतं आणि घाबरायलाही होत होतं.

प्री-युनिव्हर्सिटीचा मराठीचा सगळा अभ्यास त्या वर्षी आपल्या वस्तीने माझ्याबरोबर केला. चांदण्यावरची एक कविता होती, कवी रात्रभर खिडकीशी उभा राहून चांदणं बघत असतो. तुम्ही सांगितलंत, "हा मानूस रातपाळीचा असन. दिवसा राबनाऱ्या मानसाले चांदनं पाहाले इतका येळ जागं राहता येते काय?" माणसांनी माना डोलावल्या. प्रवासवर्णन वाचलं तेव्हा लेखकावर तुम्ही फार नाराज झालात. एवढ्या लांब गेला, एवढं पाहिलं, आणि परत येताना घरी कोणासाठी काही आणल्याचा उल्लेख नाही. शेजारची मावशी तर धड्यातल्या माणसांची रोज चौकशी करायची. मी बसमधून उतरले की विचारायची, "काव, त्या कालच्या बाईचं पुढं काय झालं?" धडा तिथेच संपला म्हटलं की तिला पटत नसे. तिला वाटायचं, कॉलेजवाले पुढचं सांगायचे वेगळे पैसे घेत असतील.

दिवाळीनंतर अमरावतीचं सरकी काढायचं जिन सुरू झालं की तुम्ही तिथे कापसाचे बोरे वाहायला जायचात. मग माझा बसचा प्रवास थांबायचा. तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पुस्तकं आणि दोघांच्या भाकरी. तुम्ही मला कॉलेजच्या फाटकाच्या थोडं अलीकडे उतरवायचात. काहून ते मी कधी विचारलं नाही. एकदा मीच हट्टाने फाटकापर्यंत चला म्हणाले, तेव्हा तुम्ही भुवयांवर राहिलेली कालची रुई पुसलीत आणि मग चाललात.

आमचे मराठीचे सर पुण्याकडचे होते. काळा कोट, हळू आवाज, आणि आम्हा मुलामुलींना सरसकट अहो-जाहो. ते धडा समजावून सांगत आणि मग टिपणं उतरवून देत. एका धड्याचा एक अर्थ, तो खाली, त्याखाली रेघ. मला ते फार आवडायचं. आपल्या ओट्यावर अर्थ वाऱ्यावर जायचा, इथे तो रेघेच्या आत बसलेला. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी शालीची गोष्ट शिकवली. तुम्हाला ती पाठ होती, तरी पुन्हा लिहिते, कारण हातातून उतरली की मला बरं वाटतं. एका मोठ्या घरी एक म्हातारा गडी जन्मभर राबलेला असतो. अंगातली ताकद संपल्यावर तो गावी जायला निघतो. मालकीणबाई त्याच्या हातात एक चांगली शाल देतात. तो तिची नीट घडी घालतो, उंबऱ्यावर ठेवतो आणि काही न बोलता निघून जातो. बस, एवढंच. सर म्हणाले, ही निष्ठा. ज्याने सेवेचं मोल कधी मागितलं नाही, तो जाताना तरी का घेईल? मी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

त्याच संध्याकाळी ओट्यावर मी ती गोष्ट वाचली. तुम्ही खाकरलाच नाहीत. तो एकच दिवस असेल. तुम्ही म्हणालात, "त्यानं ते शाल ठेवली नाई. परत केली. सारी हयात घेतली, आन वरून हे धडुतं? तोंडानं बोलला असता त भांडन झालं असतं. तो बोलला नाई, घडी करून ठेवली आन चालला गेला. हा राग हाय." मावशी रडली. काका, ज्यांना पान उलटायला आता पोथी नव्हती, तेसुद्धा म्हणाले, "बरोबर हाय." मायने आतून विचारलं, "शाल लोकरीची व्हती काय?" पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

सहामाही परीक्षेत त्या गोष्टीवर प्रश्न आला आणि माझ्या हाताने तुमचा अर्थ लिहिला गेला. मी ठरवून लिहिला नाही. तुमचा आवाजच कानात होता. पेपर वाटले त्या दिवशी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. त्या उत्तराला त्यांनी शून्य दिलं होतं. "हा अर्थ तुमचा आहे का?" मी नाही म्हणाले. "मग कोणाचा?" मी म्हणाले, बाबांचा. ते काय करतात? मी सांगितलं. मला वाटलं, आता हे हसतील, आणि हसले असते तर मी त्या कॉलेजात पुन्हा पाऊल टाकलं नसतं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि जरा रागावूनच म्हणाले, "वार्षिक परीक्षेचा परीक्षक बाहेरचा असतो. पास व्हायचं असेल तर मी सांगितलेला अर्थ लिहा. पण वडिलांचा अर्थ तुम्ही लिहिलात, माझा उतरवून घेतलात. तुम्हाला काय वाटतं, ते कुठे आहे?" परतताना कॅरिअरवर बसून मी रडत होते. तुम्हाला पाठीमागचं कळलं असणार, कारण तुम्ही वलगाव येईपर्यंत जोरजोरात जिनातल्या गमती सांगत राहिलात.

त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या म्हाताऱ्याकडे नुसती बघत होते. भाकरी थापताना, विहिरीवर, इंग्रजीच्या तासाला. तो रागात दिसत नव्हता. सर म्हणत होते तसा कृतार्थही दिसत नव्हता. मला फक्त त्याचे हात दिसायचे.

शेवटी एका संध्याकाळी मी ओट्यावर म्हणाले, "बाबा, सर येगळा अर्थ सांगतात." वाचणाऱ्याने अर्थ सांगणाऱ्याला टोकलं होतं. विडी ओढणारे हात थांबले. मी सरांचा अर्थ सांगितला तेव्हा लोक खवळले. एक म्हातारा म्हणाला, "निष्ठा! त्यायच्या घरी राबून पाह्य म्हना एक दिवस." तुम्ही मात्र चिडला नाहीत. तुम्ही माझ्याकडे वळलात. "आन तुले काय वाटते?"

मी म्हणाले, "मले वाटते, तो रागावला नोयता. त्यानं जलमभर दुसऱ्याच्या शाली घडी घालून ठेवल्या. हातात शाल आली, का घडी घालाची आन जाग्यावर ठेवाची. त्याच्या हातायले दुसरं येतच नोयतं. हे आपल्याले देली, आपली हाय, हे त्याले समजलंच नाई."

तुम्ही हळूच म्हणालात, "म्हंजे तो येडा व्हता?"

"येडा नाई बाबा. सवय."

"सवय!" तुम्ही उठून उभे राहिलात. "आपल्या मानसाले आपली वस्तू ओयखू येत नाई, असं म्हनून राहिली तू? मंग आपन नदीत काय सोडलं? काहून सोडलं?" तुम्ही पाट उचललात आणि घरात गेलात. माणसं एकेक करून उठली. मायने मला आत ओढलं आणि ताटात चून-भाकर वाढता वाढता म्हणाली, "बापाले असं चारचौघात म्हनते काय व?" त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. मीही नाही. मायने दोघांचं झाकून ठेवलं आणि एकटी जेवली, कारण तिचं म्हणणं होतं की शालीवरून उपाशी राहायला ती काही कॉलेजात गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सायकलवर तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. दुपारी तुमची भाकरी माझ्याकडेच राहिल्याचं लक्षात आलं आणि मी चालत जिनाकडे गेले. जेवणाची सुट्टी झाली होती. सरकीच्या ढिगाआड दहा-बारा माणसं बसली होती आणि त्यांच्यामधे तुमचा आवाज. मी आडोशाला थांबले. तुम्ही गोष्ट सांगत होतात. म्हाताऱ्याने घडी घातली, उंबऱ्यावर ठेवली, निघाला. मग तुम्ही म्हणालात, "आता पाहा. कॉलेजातला सर म्हनते, निष्ठा. मी म्हनतो, राग. आन मायी पोरगी म्हनते, त्याच्या हाताले सवयच नोयती घ्याची. पोरगी चुकून राहिली. पन तुमी सांगा, कोनाचं खरं?" आणि तिथे जी काय जुंपली! एकजण तर भाकरीचा तुकडा हातात घेऊन तुमच्यावर ओरडत होता की पोरीचंच बरोबर आहे, त्याचा बाप असाच होता. तुम्ही त्याच्याशी तावातावाने भांडत होतात. तोंडावर रुई, डोळे चमकत होते, आणि बाबा, इतकं खूश मी तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. मी भाकरी एका माणसाजवळ दिली आणि न दिसता परत आले.

त्या संध्याकाळी ओट्यावर दोन पाट होते. नवा पाट तुम्ही जिनातल्या सुताराकडून फळीचा करवून आणला होता, अजून रंधा न मारलेला, बसलं की टोचायचा. काका म्हणाले, "एका पोथीले दोन अर्थ सांगनारे आपल्या बापजन्मात नोयते." तुम्ही म्हणालात, "पोथी राह्यली कुठं आता?" आणि मला म्हणालात, "बस." मी बसले. तेव्हापासून मी वाचायचे, तुम्ही तुमचा अर्थ सांगायचात, मी माझा, आणि मग माणसं आपापला. चांदण्याच्या कवितेवर मात्र मी शेवटपर्यंत हरले. कवी रातपाळीचा होता हे वस्तीने कधी सोडलं नाही.

वार्षिक परीक्षा जवळ आली आणि मामांचा निरोप आला की लग्नाचं उन्हाळ्यातच उरकू. मला झोप लागेना. मी तुम्हाला विचारलं, त्या गोष्टीवर प्रश्न आला तर काय लिहू. तुम्ही सायकलचं चाक फिरवून बघत होतात. म्हणालात, "मामाच्या घरी जाचं असन त माया अर्थ लिव. पुढं शिकाचं असन त सराचा लिव."

"आन माया?"

"तुया लिवला त निकाल मले मांगू नोको."

प्रश्न आला. मग आधी सरांचा अर्थ नीट, रेघेसकट लिहिला. त्याखाली लिहिलं, "काही जाणकारांच्या मते मात्र हा राग आहे." जाणकार म्हणजे तुम्ही, बाबा. आणि त्याखाली "मला असे वाटते" असं लिहून माझा लिहिला. परीक्षकाला काय वाटलं ते मला कधी कळलं नाही. मराठीत मला बेताचेच गुण होते, पण मी पास झाले. मामांना तुम्ही स्वतः नांदगावला जाऊन सांगून आलात, आणि येताना मायसाठी तिकडून लुगडं आणलंत. प्रवासवर्णनवाल्यासारखं तुम्ही रिकाम्या हाताने आला नाहीत. पास झाल्याचं मी सरांना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, "वडिलांना माझा नमस्कार सांगा. आणि सांगा, मला त्यांचा अर्थ मान्य नाही." तुम्ही ते ऐकून इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला.

पुढची वर्षं तुम्हाला ठाऊकच आहेत. मी शिकत गेले आणि अकोल्याच्या कॉलेजात शिकवायला लागले. तुम्ही सुट्टीला यायचात, मागच्या बाकावर बसून माझा तास ऐकायची तुमची फार इच्छा होती आणि मी ती कधी पुरी होऊ दिली नाही, कारण तुम्ही मधेच हात वर केला असता. घरी चहा घेताना मात्र आपलं व्हायचंच. कुठूनही बोलणं निघालं तरी ते फिरून त्या उंबऱ्यावर यायचं. तुम्ही म्हणायचात राग, मी म्हणायचे सवय. तुम्ही म्हणायचात, आपल्या माणसाला इतकं लाचार करू नको. मी म्हणायचे, लाचार मी नाही केला, ज्यांनी राबवलं त्यांनी केला, आणि राग म्हटलं की ते सुटतात. माय म्हणायची, त्या शालीचा आता चिंधीएवढा तुकडा उरला असेल, सोडा तिला. आपण सोडली नाही. मला वाटतं, दुसऱ्या घरांत बापलेकी जे एकमेकांना सांगतात, ते आपण त्या भांडणात सांगत होतो.

मग तुमचा दमा वाढला. इतक्या वर्षांची रुई छातीत बसली होती. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात तुम्हाला ठेवलं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी तोंड धुतलं आणि तुमच्या खाटेशी येऊन बसले. दुपारचं ऊन तुमच्या पायांवर आलं होतं. तुम्ही डोळे उघडलेत आणि धाप टाकत, पण अगदी जुन्या खोडीने म्हणालात, "काव, त्यानं शाल परतच केली व्हती ना?"

मी म्हणाले, "हो बाबा. परतच केली."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग अगदी शांतपणे विचारलंत, "डाक्टर काय म्हने?"

मी तुमच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं. बोलायची गरज नव्हती. माझ्या त्या एका होकारातून तुम्ही सगळा अर्थ काढला होता. आणि तो बरोबर होता.

हे कागद मी कुठे पाठवणार नाही. तुम्हाला जोडाक्षरं अडतात, वाचून दाखवायला मीच लागेन. पण एक सांगून टाकते. त्या दुपारी मी हो म्हणाले, ते नुसतं म्हणाले होते, बाबा. मला तुमचं अजूनही पटलेलं नाही.